काळमांडवीचा कातळ आणि साखरशेतचा हंडा

सहल म्हटली की आपल्या कष्टकरी कुटुंबांच्या डोळ्यांपुढे ठरावीक ठिकाणेच येतात. चौपाटी, राणीचा बाग, फार तर कान्हेरी किंवा एलिफंटा. चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीला आपण जातो, पण ती अभिवादनाची वाट. तिला कोणी सहल म्हणत नाही. नुसता डोंगर, दगड आणि पाणी बघण्यासाठी पदरचे पैसे मोडायचे, हे आपल्या घरांतून अजून चैनीचेच वाटते. आमच्या वस्तीत जव्हारच्या काळमांडवीचा बेत निघाला तेव्हा एका मावशींनी सरळ विचारले, "दगड बघायला एवढं लांब कशाला? वस्तीत दगड कमी आहेत का?" सगळे हसले. पण प्रश्न रास्त होता. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा एक प्रयत्न आहे.

बेत असा ठरला की फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहाटे निघायचे आणि रात्री घरी परतायचे. मोठी माणसे ३० आणि मुले १२. वर्गणी माणशी ७०० रुपये, मुलांना निम्मी. माझ्या कचेरीतला एक सहकारी साखरशेतचा. साखरशेत हे जव्हार तालुक्यातले गाव. "काळमांडवी पाहा आणि दुपारचे जेवण आमच्याकडे करा," असा त्याचा आग्रह होता. न्याहारी ज्याने त्याने घरून आणावी आणि पिण्याचे पाणी सर्वांचे मिळून बसमध्ये घ्यावे, असेही ठरले. पाणी सोबत घ्या, हे त्यानेच निक्षून सांगितले होते. त्याचे कारण आम्हाला तिथे गेल्यावर कळले.

जव्हारची वाट

मुंबईहून जव्हार सुमारे दीडशे किलोमीटर. ठाणे, भिवंडी, वाडा, विक्रमगड अशी वाट. नाशिककडच्या वाचकांना त्र्यंबकेश्वर-मोखाडामार्गे हे अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास पडते. एसटीनेही जाता येते. मात्र परतीच्या गाडीची वेळ जव्हारच्या स्थानकात उतरल्याबरोबर विचारून ठेवावी.

विक्रमगड सोडले की चढण लागते. फेब्रुवारीत पानगळ सुरू झालेली असते, डोंगर उघडेबोडके दिसतात आणि मधूनच पळस पेटलेला असतो. भाताची खाचरे कापून मोकळी झालेली. उतारावर नाचणी-वरईच्या काढून झालेल्या शेतांच्या पट्ट्या. मुले खिडकीला चिकटली होती. त्यांतल्या बऱ्याच जणांनी भात ताटात पाहिलेला, शेतात पाहिलेला नाही.

जव्हार हे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर वसलेले गाव. एके काळी ते एका संस्थानाची राजधानी होते. राजघराणे मुकणे यांचे, महादेव कोळी समाजाचे, म्हणजे आदिवासी. चौदाव्या शतकात सुरू झालेले हे राज्य १९४८ साली भारतात विलीन होईपर्यंत टिकले. आदिवासी म्हटले की "मागासलेला" हाच शब्द ज्यांच्या तोंडी येतो, त्यांनी ही सहाशे वर्षे लक्षात ठेवावीत. राजांचा जयविलास राजवाडा आजही उभा आहे. पूर्वी हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून तो त्यात आहे.

कातळाचे दर्शन

काळमांडवी जव्हारपासून जवळच, आपटाळे गावाच्या बाजूला आहे. गाडी ठेवून पुढे पायी उतरावे लागते. वाट झाडीतून जाते. पायाखाली सुटे दगड येतात, म्हणून चपला घालून जाऊ नये. म्हाताऱ्या माणसांनी वरूनच पाहावे, त्यात कमीपणा नाही. आमच्यातल्या पाच जणांनी तसेच केले.

खाली उतरल्यावर पहिल्यांदा कोणीच बोलले नाही. समोर काळाभोर कातळ, जणू कोणी भिंतीमागे भिंत रचून ठेवली आहे. धबधब्याची उंची सुमारे शंभर मीटर सांगतात. पावसाळ्यात तो कातळ पाण्याने झाकून जातो, त्यामुळे पावसाळी पर्यटक पाणीच पाहून परततात. दगड पाहायचा असेल तर थंडीच्या अखेरीस यावे. पावसाळा संपल्यावरही येथे पाणी राहते, पण धार आखडते आणि कातळ मोकळा होतो. मग दिसते की ती भिंत सरळ नाही. ती पायऱ्यापायऱ्यांची आहे. एक थर पुढे, त्यावरचा थर मागे. कडा कुठे धारदार, तर पाणी जिथून नेहमी जाते तिथे माणसाने घासून काढावी तशी गुळगुळीत.

आमच्या एका नववीतल्या मुलीने विचारले, "काका, हे कोणी बांधलं?"

कोणी बांधले नाही, हेच तर पाहण्यासारखे आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास आजच्या महाराष्ट्राच्या भूमीला भेगा पडल्या आणि त्यातून तापलेला शिलारस बाहेर आला. तो एकदाच आला नाही. येत राहिला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा नवा आला. अशा थरांवर थर साचून सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचा प्रदेश या दगडाने झाकला. सह्याद्रीत काही ठिकाणी या थरांची जाडी दोन हजार मीटरपर्यंत जाते. यालाच बेसॉल्ट म्हणतात. आपण त्याला काळा पाषाण म्हणतो. सगळे थर सारखे नसतात. एक थर घट्ट, लोखंडासारखा. दुसरा सच्छिद्र, मुरमासारखा ठिसूळ. पाणी ठिसूळ थर आधी खाते, घट्ट थर मागे राहतो, आणि त्याची पायरी होते. काळमांडवीची भिंत पाहताना हे पुस्तकाशिवाय समजते.

पाण्याचे दुसरे कामही असेच चिकाटीचे आहे. वाहत्या पाण्यात भोवरा झाला की त्यात गोटे अडकतात. ते गोल फिरत राहतात आणि तळाचा कातळ जात्यासारखा दळतात. हजारो वर्षांत तिथे रांजणाच्या आकाराचा खळगा तयार होतो. असे रांजणखळगे पाहायचे तर पारनेर तालुक्यातल्या निघोजला कुकडी नदीच्या पात्रात जावे. तिथे ते एवढे आहेत की लोक लांबून पाहायला येतात.

मुंबईकरांना तर हा दगड उशाशी आहे. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल म्हणून जो सुमारे दोनशे फुटांचा सुळका झोपड्या आणि इमारतींच्या मधोमध उभा आहे, तोही त्याच शिलारसाचा, सावकाश थंड होताना खांबाखांबांनी तडकलेला. आपल्यातली कितीतरी कुटुंबे त्याच्या पायथ्याशी पिढ्यान् पिढ्या राहिली. वर मान करून त्याचे वय कोणी विचारले असेल, असे वाटत नाही. मावशींच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे की वस्तीतला दगड ओळखायलाही एकदा बाहेरचा दगड पाहावा लागतो.

एक कठोर सूचना

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जुलै २०२० मध्ये याच काळमांडवीत पाच तरुण बुडाले. ते परके नव्हते, जव्हारचेच होते. दोघे पाण्यात गेले, त्यांना वाचवायला बाकीचे धावले आणि सगळेच गेले. वरून शांत दिसणारा डोह किती खोल आहे ते कळत नाही. शेवाळलेला कातळ साबणासारखा असतो. पोहता येणारा माणूसही भोवऱ्यात टिकत नाही.

म्हणून आमच्या सहलीत नियम केला होता की पाण्यात कोणी उतरायचे नाही. मोबाईलवर फोटो काढायचा तर कड्यापासून दहा पावले मागे उभे राहून. दारू पिऊन येणाऱ्याला बसमध्ये जागा नाही. चार मुलांच्या मागे एक मोठा माणूस. पोरांनी तोंडे वाकडी केली, पण नियम पाळले. आपल्या घरातला एक मुलगा शिकून उभा राहायला आई-बापाचे अख्खे आयुष्य जाते. एका फोटोसाठी ते पणाला लावायचे नसते.

साखरशेतचे जेवण

दुपारी साखरशेतला सहकाऱ्याच्या घरी पोहोचलो. जेवण महिला बचत गटाच्या बायांनी केले होते. नाचणीची भाकरी, उडदाची आमटी, भात, पालेभाजी आणि लसणाची चटणी. घरापुढचे अंगण शेणाने सारवलेले, कुडाच्या भिंती. आमच्या मंडळींनी दोन-दोन भाकरी मागून घेतल्या. शहरात आता हीच नाचणी पुडक्यात घालून पौष्टिक म्हणून महाग विकतात, हे सांगितल्यावर वाढणाऱ्या ताई तोंडाला पदर लावून हसल्या.

जेवणानंतर हात धुवायला पाणी मागितले गेले आणि एक लहानशी गोष्ट घडली. ज्या घमेल्यात आम्ही हात धुतले, ते पाणी फेकले गेले नाही. सहकाऱ्याच्या आईने ते उचलून परसातल्या मिरचीच्या रोपांना घातले. आमच्याबरोबरच्या एक ताई म्हणाल्या, "आई, पाणी जवळ नाही वाटतं?"

"पानी हाय," म्हातारी म्हणाली, "पण पानी खाली धावतंय. वर कोन आननार? आमीच."

त्यांच्याबरोबर आमच्या काही बाया पाण्याच्या जागेपर्यंत चालून आल्या. मी नोकरीने कारकून, शिक्षणाने बीकॉम. हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. तो असा. एका खेपेला डोक्यावर हंडा आणि कमरेला कळशी, मिळून वीस लिटर धरा. घरात सहा माणसे, शिवाय शेळ्या. दिवसाला चार खेपा म्हणजे ऐंशी लिटर. माणशी तेरा लिटर पडले, तेही शेळ्यांना तहानलेले ठेवून. ग्रामीण भागात माणशी ५५ लिटर पाणी नळाने मिळावे, हे २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनचे माप आहे. शहरात माणशी १३५ लिटर धरतात. फेब्रुवारीत एक खेप अर्ध्या तासाची. होळीनंतर जवळची विहीर आटते, मग तीच खेप दीड तासाची होते, असे बायांनी सांगितले. चार खेपांचे सहा तास. माझी कचेरी आठ तासांची आहे आणि तिचा मला पगार मिळतो.

दगड देतो, दगडच अडवतो

आता कोणी म्हणेल की पाऊस कमी असेल. तसे मुळीच नाही. जव्हार-मोखाड्यात मुंबईसारखाच धो-धो पाऊस पडतो. मग पाणी जाते कुठे? उत्तर सकाळीच आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. ज्या घट्ट कातळामुळे काळमांडवी देखणी झाली, तोच कातळ पावसाचे पाणी पोटात घेत नाही. त्याला भोके नाहीत, वर माती थोडी, उतार तीव्र. पाणी पडले की निसटते, ओढ्याला, नदीला, समुद्राला. जे थोडे मुरते ते दोन थरांच्या सांध्यातून झऱ्यासारखे बाहेर येते, आणि उन्हाळ्यात तो झराही करंगळीएवढा होतो. म्हणजे चार महिन्यांचा महापूर आणि चार महिन्यांची तहान, ही दोन्ही एकाच दगडाची लेकरे.

पाणी गेले की माणसेही जातात. दिवाळी उरकली की या भागातली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला बाहेर पडतात. भिवंडी, वसईच्या बाजूला तुम्ही त्यांना पाहिले असेल. मुलांची शाळा सुटते, पोटाची आबाळ होते. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा या तालुक्याचे नाव सगळ्या वर्तमानपत्रांत आले. एरवी येते ते धबधब्यांसाठी.

आणि यात आपला संबंध काय? तो नळातून येतो. शेजारच्या मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ वैतरणा नदीवर मध्य वैतरणा धरण आहे. २०१४ साली ते मुंबईच्या सेवेत आले. त्यातून मुंबईला दिवसाला सुमारे ४५ कोटी ५० लाख लिटर पाणी मिळावे अशी योजना आहे. त्याच नदीवर खाली १९५७ सालापासून मोडक सागर आहे, वर अप्पर वैतरणा आहे. नदी आदिवासी मुलखाची, पाणी शहराचे. आमच्या चाळीत पहाटे नळ येतो तेव्हा पाण्यावरून भांडणे होतात. ते पाणी कुठल्या डोंगरावरून आले, हे भांडताना कुणाला आठवत नाही.

पाणी कोणाचे, हा प्रश्न या पत्राच्या वाचकांना नवा नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, ते या एका प्रश्नासाठी. तिथे आडवा आला होता माणसाच्या मनातला दगड. इथे डोंगराचा दगड आडवा येतो. पण धरणाला जो दगड अडवता आला नाही, तो पाड्यावरच्या टाकीलाच कसा अडवतो, हे विचारायला हवे.

कान्हेरीची पोढी

कोणी निराश होऊन म्हणेल की कातळच तसा, त्याला काय करणार? त्याने पुढच्या रविवारी बोरिवलीला जाऊन कान्हेरीची लेणी पुन्हा पाहावीत. आपण तिथे जातो, चैत्यगृहात वंदना घेतो, मुलांना मूर्ती दाखवतो आणि परततो. लेण्यांच्या दाराशी जमिनीत कोरलेली चौकोनी टाकी मात्र सहसा कोणी दाखवत नाही. डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी कातळात खोदलेल्या पन्हळींनी त्या टाक्यांत आणले आहे. शिलालेखांत अशा टाक्याला "पोढी" म्हटले आहे. कल्याण, सोपारा, नाशिक अशा गावांच्या व्यापारी, कारागीर, गृहस्थ आणि स्त्रियांनी तिथे लेण्यांना दाने दिली, त्यांतली काही दाने या पोढ्यांची आहेत. दगड तोच, ज्वालामुखीतून आलेला. पाऊसही तसाच, चार महिन्यांचा. पण शंभराहून अधिक लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंनी ओळखले होते की जो कातळ पाणी आत घेत नाही, तो कोरला तर पाणी बाहेरही जाऊ देत नाही. जो दोष म्हणून दिसतो, त्याचाच त्यांनी उपयोग केला. दोन हजार वर्षांपूर्वी हे साधले, तर आज यंत्रे, सिमेंट आणि इंजिनिअर असताना का साधू नये?

साखरशेतला आम्ही हेच विचारले. तरुण मंडळींनी सांगितले की उपाय ठाऊक आहेत. झऱ्याला कुंड बांधून पाणी पाड्यापर्यंत नळीने आणता येते. छोटी साठवण टाकी बांधता येते. आणि सर्वांत स्वस्त उपाय वनराई बंधाऱ्याचा. पावसाळा संपता संपता रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून ओढ्यात आडव्या रचायच्या. पाणी अडते, काही महिने थांबते, आसपासच्या विहिरींना आधार होतो, गुरांना पाणी मिळते. पुढच्या पावसात बांध वाहून जातो, म्हणून दरवर्षी नव्याने घालावा लागतो. श्रम आहेतच, पण अडते ते गोण्यांपाशी. एका बांधाला शेकड्यांनी लागतात.

हे ऐकून आमच्यातले एक काका उठून उभे राहिले. ते गवंडीकाम करतात. म्हणाले, "गोण्या? आमच्या साईटवर रोज ढिगाने पडतात. जाळून टाकतात."

जमाखर्च

परतल्यावर विहारात सहलीचा हिशेब वाचून दाखवला. वर्गणी जमा २५,२०० रुपये. बसभाडे १८,००० रुपये. बचत गटाला जेवणाचे ५,२०० रुपये. शिल्लक २,०००. ही शिल्लक परत वाटून न घेता गोण्या पोहोचवण्याच्या भाड्यासाठी ठेवावी, असे सर्वानुमते ठरले. ठराव महिला मंडळाने मांडला. गवंडी, बिगारी, वॉचमन अशी आपली जी माणसे बांधकामांवर आहेत, त्यांनी सिमेंटच्या रिकाम्या प्लास्टिकच्या गोण्या न फाडता, झटकून, घडी करून जमवायच्या. पावसाळा संपताच दोन दिवसांची रजा काढून ज्यांना जमेल त्यांनी साखरशेतच्या मंडळींबरोबर बांध घालायला जायचे. त्यांच्या गावात, ते सांगतील तिथे, त्यांच्या हाताखाली.

ज्या वाचकांना सहकुटुंब काळमांडवी पाहायची असेल, त्यांनी अवश्य जावे. जानेवारी-फेब्रुवारीत जावे. पिण्याचे पाणी सोबत न्यावे आणि पाड्याच्या विहिरीवर आंघोळी करू नयेत. जेवण स्थानिक बायांकडून पैसे देऊन घ्यावे. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. ती माणसे प्रदर्शनाला ठेवलेली नाहीत. प्लास्टिकचा कचरा आपल्या पिशवीत परत आणावा. मुलांना कातळाचे थर मोजायला सांगावे आणि मग त्याच दिवशी पाण्याच्या खेपाही मोजायला सांगाव्यात. दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहिले की कुठल्याही शाळेत मिळणार नाही असा धडा होतो.

आमच्या विहाराच्या मागच्या खोलीत आजपर्यंत ३४० गोण्या जमल्या आहेत.